बापूसाहेबांचा हात आणि माझी साक्ष

मोटारीचा मालक मिस्त्रीशी पहिलं वाक्य बहुधा खोटं बोलतो. "आमी काहीच केलं न्हाई, चालता चालता आपोआप बंद पडली." उभ्या आयुष्यात मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे, पण कधी रागावलो नाही. डॉक्टरापुढेही माणूस असंच बोलतो. दोष आपलाच निघेल आणि समोरचा हसेल, अशी त्याला धास्ती असते. मी हसायचो नाही. गाडी उघडली की ती स्वतःच सगळं सांगायची.

हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला माझं पत्र्याचं शेड होतं. सिकंदराबादेला काम शिकून मी इथं परतलो तेव्हा हिंगोली निजामाच्या मुलखात, परभणी जिल्ह्यात होती. गावात आणि आसपास मिळून मोटारी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. एक दवाखान्याच्या डॉक्टरांची, एक जिनिंगवाल्या शेठजींची, बाकीच्या खेड्यांतल्या देशमुखांच्या. मालक हौशी, पण गाडीबद्दल कुणाला फारसं ठाऊक नसे. डॉक्टर रेडिएटरमध्ये पाणी घालायला विसरायचे. एकदा तो गळायला लागला आणि सुटा भाग मिळायला महिना लागणार होता. मी बाजारातून मूठभर हळदीची पूड आणली आणि आत ओतली. हळद फुगली, भोक बुजलं, गाडी महिनाभर चालली. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, हे औषध आमच्या पुस्तकात नाही."

शेठजींची क्लच-प्लेट दर चार-सहा महिन्यांनी जळायची आणि ते कंपनीला शिव्या द्यायचे. खरी गोष्ट अशी होती की गाडी चालवताना त्यांचा डावा पाय क्लचवरच विसावलेला असे, पाटावर ठेवावा तसा. हे तोंडावर सांगितलं असतं तर ते दुखावले असते. मी पेडलशेजारी लाकडाचा एक ठोकळा बसवून दिला आणि म्हटलं, "शेठजी, पायाला आराम पाहिजे." पाय ठोकळ्यावर राहायला लागला आणि प्लेट टिकायला लागली. माझं निम्मं काम असं माणसाला न दुखवता करायचं होतं. त्याचा मला अभिमान होता. एकदा मात्र असं न दुखवणं फार महागात पडलं. ती गोष्ट आज सांगतो.

औंढ्याच्या रस्त्यावर, हिंगोलीपासून पाच कोसांवर एका गावी बापूसाहेब देशमुख राहत. साठीला टेकलेले, उंच, डोक्याला पांढरा पटका. त्यांनी ड्रायव्हर कधी ठेवला नाही. "आपला घोडा दुसऱ्याच्या हाती देतंय का कुणी?" म्हणायचे. त्यांच्या हाताला जात्याच समज होती. गिअर टाकताना आवाज होत नसे. ओढ्यात पाणी असलं की उतरण्याआधी स्वतः पंख्याचा पट्टा काढून ठेवायचे, म्हणजे पंखा पाणी उडवून इंजिन भिजवत नाही. हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.

शिवाय ती मोटार त्यांच्या एकट्याची नव्हती. आसपासच्या खेड्यांत बाई अडली, कुणाला साप चावला, की लोक त्यांच्या दारात यायचे. जर्मनशी दुसरी लढाई सुरू झाल्यावर पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं तेव्हा ते स्वतः बैलगाडीनं बाजाराला यायचे आणि एक डबा पेट्रोल घरी झाकून ठेवायचे. तो डबा दवाखान्याच्या खेपेसाठी. त्या मोटारीतून हिंगोलीला येऊन सुखरूप परत गेलेल्या बाया आणि लेकरं मी पाहिली आहेत.

लढाईच्या मधल्या वर्षात केव्हातरी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मिस्त्री, दिवे मंद झालेत. तिन्हीसांजेला रस्ता दिसंना."

मी दिवे उघडून आतले आरसे पुसले, नवे बल्ब बसवले, तारा तपासल्या. पंधरा दिवसांनी ते परत हजर. दिवे अजून मंदच आहेत म्हणाले, आणि समोरची काचही धुरकट झाली आहे, ती बदला. नवी काच कुठून आणणार? मी राख आणि ओल्या फडक्यानं घासून ती लख्ख केली. मला तिच्यातून रस्त्यापलीकडच्या लिंबाची पानं मोजता येत होती. बापूसाहेबांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक हाय. जरा फरक पडला."

त्याच वेळी मला डावा मडगार्ड दिसला. त्यावर ओरखडे होते, बाभळीच्या काट्यांचे, बैलगाडीच्या आऱ्यांचे, एका ठिकाणी भिंतीचा चुनाही लागला होता. उजवी बाजू कोरी होती. एवढा सफाईचा हात, आणि एकाच अंगाला एवढे ओरखडे. मला शंका आली, पण मी बोललो नाही. रंग लावून दिला.

पुढच्या खेपेला गाडीत पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी, बाईसाहेब होत्या. बाईसाहेब म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नी. त्या काळी देशमुखांच्या घरची बाई मोटारीत बसली तर मागे, पडदा सोडून. गावात चर्चा झाली. म्हातारपणी देशमुखांना सुधारणेचं वारं लागलं, असं लोक चहा पिता पिता बोलत. मलाही तसंच वाटलं होतं.

गाडीत कसलासा खडखडाट होता. तो ऐकायला मी मागे बसलो आणि आम्ही औंढ्याच्या नाक्यापर्यंत गेलो. बाईसाहेबांचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, नजर समोर. हलक्या आवाजात, ओठ फारसे न हलवता, त्या बोलत होत्या.

"डाव्या अंगाला म्हशी हायत. जरा उजवीकडं. हां. आता सरळ. पुढं म्हातारा चाललाय, हळू. गेला. आता जाऊ द्या."

बापूसाहेब त्या आवाजावर गाडी नेत होते. मी खडखडाट ऐकायचं विसरलो.

परत आल्यावर बापूसाहेब कुणाशी तरी बोलायला रस्त्यापलीकडे गेले, तेव्हा बाईसाहेबांनी मागे वळून पाहिलं. माझ्याशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"मिस्त्री, तुमाला कळलं."

"व्हय, बाईसाहेब."

"हैदराबादच्या डॉक्टरला दावलं. काचबिंदू म्हणला. कडंचं दिसत न्हाई, नळीतून पाहावं तसं मधलंच दिसतंय. गेलं ते परत येत न्हाई म्हणला." त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. "त्यांना बोलू नका. गाडी सोडली तर ते चार दिवसांत खाट धरतील. मी हाय ना संगं."

मी मान हलवली. काय करायला हवं होतं ते तेव्हाही मला माहीत होतं.

बापूसाहेबांचं लायसन नवं करून घ्यायची वेळ आली. त्यासाठी परभणीहून मोटार तपासणीचे साहेब यायचे. एका दिवसात सगळ्या गाड्या बघायचे, हॉर्न, दिवे, नंबराची पाटी, मग ज्याचं वय झालं असेल त्याला चालवून दाखवायला लावायचे. साहेब नेक माणूस होते. आल्यावर आधी माझ्या शेडात खुर्ची टाकून बसत आणि गाड्यांची हालत मला विचारत. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा होता.

आदल्या आठवड्यात बापूसाहेब आले. इकडचं तिकडचं बोलले. निघताना म्हणाले, "मिस्त्री, साहेबाला छावणीच्या जुन्या मैदानाकडं न्याल का? बाजारात लई गर्दी असती."

त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. साहेबांना मीच सुचवलं की मैदान मोकळं आहे, तिथं परीक्षा नीट होईल. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. बापूसाहेबांनी गाडी सरळ नेली, वळवली, मागे घेतली, खुणेवर आणून उभी केली. सगळं हातानं आणि अंदाजानं. साहेब खूश झाले. तरी कागदावर सही करण्याआधी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"मिस्त्री, इनकी उमर हो गई. तुम तो गाडी हमेशा देखते. हाथ कैसा है इनका?"

मी म्हणालो, "हाथ तो बराबर है, साहब."

ते खोटं नव्हतं. हात खरोखरच बराबर होता. साहेबांनी डोळ्यांबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सही झाली. बापूसाहेबांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढे दोन महिन्यांनी बाईसाहेबांना हिवताप आला. तीन दिवस ताप उतरेना, कोयनेलच्या गोळ्या संपल्या. बापूसाहेबांनी हिंगोलीला माणूस धाडायला हवा होता, पण बैलगाडीनं जाऊन यायला दिवस गेला असता. डब्यातलं पेट्रोल ओतून ते भर दुपारी एकटेच निघाले.

वाटेत रस्त्यालगत एक तांडा आहे. तिथला थावरा नावाचा चाळिशीतला माणूस आपले दोन बैल घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेनं चालला होता. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूखभर हिंडलेले, तो आता शेती करायचा. मागून मोटार येते आहे हे त्यानं ऐकलं आणि बैल आणखी कडेला घेतले. मोटारवाला आपल्याला बघतो आहे, असं तो धरून चालला. कोणीही धरून चाललं असतं. मडगार्ड त्याच्या पायाला लागला आणि तो खाली नाल्यात पडला.

त्यानंतर काय झालं ते मला थावरानंच पुढे सांगितलं. बापूसाहेबांनी गाडी थांबवली. खाली उतरले आणि हात पुढे करून चाचपडत आले.

"कोण हाय? कुठं लागलं?"

थावरा कळवळत ओरडला, "आंधळा हायस का रं तू?"

बापूसाहेब जागीच उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय."

थावरा मला म्हणाला, "मिस्त्री, मी शिवी दिली होती. ह्या माणसानं तिला जवाब दिला. मंग मला पुढची शिवी सुचंना."

गुडघ्याखाली हाड मोडलं होतं. बापूसाहेबांनी डोक्याचा पटका सोडला, थावरानं दाखवली ती काठी उचलली आणि पाय बांधला. मग त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. दवाखाना दोन कोसांवर होता. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं आणि इंजिन चालूच होतं.

"तुला दिसत न्हाई तर नेशील कसा?" थावरानं विचारलं.

"तू सांग. तू सांगशील तसं नेतो."

आणि ज्याचा पाय मोडला, तोच माणूस पाय मोडणाऱ्याला दोन कोस रस्ता सांगत आला. मधे मधे कण्हत होता, तेव्हा बापूसाहेब गाडी थांबवून वाट बघत. "डावीकडं खड्डा हाय. हां. बाई चालली हंडा घेऊन, थांब. आता चल." नदीपाशी तो बेशुद्ध व्हायला आला, तेव्हा बापूसाहेबांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. त्याला शुद्धीवर ठेवल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं.

मला दवाखान्यातून निरोप आला की फाटकात मोटार उभी आहे, ती हलवा. गेलो तर बापूसाहेब उघड्या डोक्यानं पायरीवर बसले होते. डाव्या बाहीला रक्त लागलेलं. मला आवाजावरून ओळखून म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी आता तुमी घेऊन जावा. मी त्या सीटवर परत बसणार न्हाई. आन् कुणाच्या तरी हाती कोयनेल गावी धाडा. घरी ताप हाय."

पोलीस ठाण्याचा जमादार आला. देशमुखांविरुद्ध लिहायला त्याचा हात धजेना. म्हणाला, "बैल बुजले आणि गाडीसमोर आले, असं लिहू का बापूसाहेब?"

"न्हाई. बैलांचा काही दोष न्हाई. मला दिसत न्हाई, दोन साल झाले दिसत न्हाई, असं लिहा."

मी तिथंच उभा होतो. 'मलाही माहीत होतं' हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. बापूसाहेबांनी माझं नाव घेतलं नाही. मैदानाचंही बोलले नाहीत.

तीन दिवस मी शेडात काम करत होतो आणि हातात पाना धरून तसाच उभा राहत होतो. चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलो. थावराचा पाय लाकडाच्या पट्ट्यांत बांधलेला होता. त्याच्या खाटेशी बसून मी सगळं सांगितलं, मडगार्डपासून मैदानापर्यंत.

"आता बोलून माझं हाड सरळ होतंय का?" तो म्हणाला.

"न्हाई."

"मंग काहून सांगून राहिला?"

मी उठून त्याचा पाण्याचा तांब्या भरून आणला. पाणी पिऊन तो म्हणाला, "बैल कुठं हायत ते बघून या. तांड्यावर कुणाला ठाव न्हाई. पांढऱ्या बैलाचं डावं शिंग मोडकं हाय."

मी दोन दिवस हिंडलो आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही बैल त्याच्या तांड्यावर नेऊन बांधले. एवढंच मला करता आलं.

तपासणीचे साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, मैंने हाथ पूछा था, तुमने हाथ बताया. ग़लती मेरी भी है." पण त्यानंतर त्यांनी माझ्या शेडात खुर्ची टाकली नाही. गाड्या रस्त्यावर स्वतः तपासायचे, आणि माणसांना परीक्षेसाठी भर बाजारातून न्यायचे. मला काही विचारायचे नाहीत. लोकांना वाटलं, आमचं भांडण झालं. भांडण झालं असतं तर मला सोसलं असतं.

थावराचा पाय दोन बोटं आखूड राहिला. बापूसाहेबांनी ओढ्याकाठचं बागायती शेत त्याच्या नावावर करून दिलं. थावरानं ते घेतलं आणि त्यांच्या समोरच म्हणाला, "घेतो. पण माफ केलं असं समजू नका." बापूसाहेब म्हणाले, "तसं मागितलंच न्हाई."

मोटार माझ्या शेडात चार महिने लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. त्या चार महिन्यांत त्यांच्या गावची एक बाळंतीण बैलगाडीत वाटेतच गेली. ती बातमी आली त्याच आठवड्यात बाईसाहेब आल्या. सोबत बापूसाहेब होते, त्यांचा हात बाईसाहेबांच्या खांद्यावर.

"मिस्त्री, मला शिकवा," बाईसाहेब म्हणाल्या.

मी बापूसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "रस्ता तिला येतोच. हात-पाय तुमी शिकवा."

पंचेचाळिशीची बाई, नऊवारी लुगडं, पायात जोडे घालायची सवय नाही. छावणीच्या त्याच मैदानावर मी शिकवायला लागलो. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडायची आणि बापूसाहेब मागच्या सीटवर दोन्ही हातांनी धरून बसायचे, पण एक शब्द बोलत नसत. हँडल मारून इंजिन चालू करायला मी त्यांना शिकवलं. अंगठा मुठीत वळवायचा नाही, बाकी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, म्हणजे हँडल उलटं आलं तरी मनगट वाचतं. बघायला माणसं जमायची, दात काढायची. बाईसाहेब पदर कमरेला खोचून हँडल मारायच्या. काही दिवसांनी माणसं यायची थांबली.

तपासणीच्या साहेबांनी त्यांना पहिल्यांदा नापास केलं. चढावर गाडी मागे सरकली होती. मी रदबदली केली नाही. साहेबांनी विचारलंही नाही. सहा महिन्यांनी बाजाराच्या दिवशी, हळदीच्या गाड्यांच्या गर्दीतून त्यांना नेलं आणि पास केलं. सही करून कागद हातात देताना साहेब अदबीनं उभे राहिले, ते मी शेडाच्या दारातून पाहिलं.

मग पुढची चार वर्षं ती मोटार परत पहिल्यासारखी दवाखान्याला यायला लागली. थावराच्या सुनेचं पहिलं बाळंतपणही त्याच गाडीतून आल्यावर झालं. थावरा मागे बापूसाहेबांच्या शेजारी बसून आला होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण उतरताना थावरानं हात पुढे केला आणि बापूसाहेब तो धरून खाली उतरले.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामाच्या मुलखात गडबड माजली होती, सरहद्दीपलीकडून माल येणं बंद झालं होतं. पेट्रोलचा थेंब मिळेना, सुटे भाग तर स्वप्नातही नाहीत. अशात एके दिवशी सकाळी, झाकून ठेवलेल्या डब्यातल्या पेट्रोलवर, बाईसाहेब गाडी घेऊन आल्या. बापूसाहेब शेजारी होते. म्हणाल्या, ब्रेक लागताना घासल्याचा आवाज येतो.

मी चाकं उतरवली. ब्रेकचं अस्तर पार झिजून पत्रा लागला होता. आठ महिन्यांपूर्वीच मी ते बदललं होतं, कोरं. एवढ्या कमी चालीत ते एवढं झिजणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, कुठंतरी ब्रेक अडकून राहतो. सगळं तपासलं, कुठंही दोष नव्हता.

मी विचारलं, "बाईसाहेब, ब्रेक लई मारता का?"

त्या ओशाळल्या. "रस्त्यानं कुणी चाललं असलं की मी थांबते. ते पार कडेला होऊस्तवर थांबते. बैल असले तर उतरून सांगते."

"दर माणसाला?"

"व्हय."

नवं अस्तर मिळण्यासारखं नव्हतं. शेठजींच्या जिनिंगमधला जुना, जाड पट्टा मागून आणला, कापला आणि तांब्याच्या रिव्हेटांनी ब्रेकवर ठोकून बसवला. संध्याकाळपर्यंत काम चाललं. चाकं चढवताना मी बापूसाहेबांना म्हटलं, "हा पट्टा माझ्याकडं एवढाच होता. जरा जपून वापरायला सांगा बाईसाहेबांना, थोडं कमी थांबल्या तर सालभर टिकेल."

बापूसाहेब माझ्या आवाजाकडे वळले.

"झिजू द्या, मिस्त्री," ते म्हणाले. "पट्टा संपला तर माझे चामड्याचे जोडे कापून घाला."